वात कातरणारी

४ फेब्रुवारी

तुला काय म्हणून हाक मारावी हे नऊ वर्षांनी ठरत नाही, म्हणून हाक न मारताच लिहायला घेते.

मी बरी आहे. गुडघा सोडला तर तक्रार नाही. गेले दहा दिवस संग्रहालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत राहतेय. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची आणि खिडकीतून दिसणारी दुसरी खिडकी. सकाळी दहाला दार उघडतं. सव्वादहाला मी चित्रासमोर बसलेली असते. आत रंग नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. पाच वाजता घंटा होते आणि मी उठते. इतकी शिस्त मला शाळेतही जमली नव्हती.

चित्र कोणतं ते सांगायला नको. दिव्याची वात कातरणारी ती बाई. आपल्या घरी जेवणाच्या टेबलाजवळच्या भिंतीवर तिची छापील प्रत होती, बाबांनी छापखान्यातून आणलेली. मूळ चित्र इतकी वर्षं एका श्रीमंत घरात बंद होतं, दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाला मिळालं. इथल्या मॅडमना कुठूनसं कळलं की मी तीस वर्षं तिच्याकडे बघून चित्रं काढतेय. त्यांनी माझी अकरा चित्रं तिच्या शेजारी लावायचं ठरवलंय. पंधरा मार्चला प्रदर्शन उघडेल.

या दालनात एक रखवालदार आहे. एकोणीस वर्षं याच इमारतीत खुर्चीवर बसलेला. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "बाई, घाई करू नका. दोन वर्षं बघतोय, तिची वात काही अजून कातरून होत नाही."

छापील प्रत माझ्याकडे आहे. बरी आहे. रंग उडालेत, निळा आणि काळा तेवढा उरलाय.

बाबा गेले तेव्हा तू विमानातून उतरण्याआधीच मी ती भिंतीवरून काढली होती. तू दारात उभी राहून रिकाम्या खिळ्याकडे बघितलंस. "चित्रकार मी आहे," मी म्हणाले. तू म्हणालीस, "बरोबर." त्यानंतर तू मला काही म्हणाली नाहीस.

दुसरंही एक सांगायचं होतं. ते आज राहू दे.

ताई


६ फेब्रुवारी

धाकटे,

बाई उजव्या हाताची आहे.

परवा हेच लिहायचं होतं, पण हात पुढे सरकला नाही. आपल्या घरच्या चित्रात खिडकी उजवीकडे, कात्री डाव्या हातात. इथे खिडकी डावीकडे आहे आणि कात्री उजव्या हातात. पहिल्या सकाळी समोर उभी राहिले तेव्हा वाटलं, मी चुकून चित्राच्या मागच्या बाजूला आलेय.

तू म्हणशील, पुस्तकात कधी पाहिलं नव्हतंस का? दोनदा पाहिलं होतं. संगणकावर तर कितीतरी वेळा. दर वेळी मला वाटलं, या लोकांनी उलटं छापलंय. चाळीस वर्षं छपाईच्या प्लेटा बनवणाऱ्या माणसाची मुलगी मी. बाकी सगळ्या जगाचे छापखाने चुकले असतील, पण बाबांनी आणलेला कागद चुकीचा असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. एका प्रकाशकाला तर मी पत्र लिहून त्याची चूक दाखवून दिली होती. उत्तर आलं नाही. का आलं नाही ते आता कळलं.

शिवाय माझा तो लेख. म्हाताऱ्याने बाई डावखुरी का रंगवली, यावर सोळा पानं. कलाशाळेत तो अभ्यासाला आहे. (म्हातारा म्हणजे या चित्राचा चित्रकार. सत्तराव्या वर्षी हे रंगवलं, म्हणून बाबा त्याला म्हातारा म्हणायचे. मला अजून दुसरं नाव जमत नाही.)

मी मॅडमना घाबरत सांगायला गेले. त्या माझ्या निम्म्या वयाच्या आहेत आणि माझ्या दुप्पट वेगाने बोलतात.

"माझ्या चित्रांत सगळं उलट आहे हो," मी म्हणाले.

"अहो, तीच तर कल्पना! आरशातून दिलेलं उत्तर. पुस्तिकेत तसंच लिहिलंय आम्ही. किती धाडसी आहे!"

मी म्हणाले, "हो."

एवढंच. हो. काल एका वार्ताहराने आरशाबद्दल विचारलं तर मी त्यालाही पाच-सहा वाक्यं बोलले. बरी जमली.

तुला हे सांगतेय ते वेगळ्या कारणाने. सात वर्षांची असताना तू वही उघडायची बंद केली होतीस, कारण वर्गातल्या बाईंनी तुझा डावा हात बाकाला बांधला होता. तेव्हा बाबांनी हे चित्र आणून लावलं आणि तुला म्हणाले, "बघ, हिचंही तुझ्यासारखंच." आज तू डाव्या हाताने लोकांचे दात काढतेस आणि तुझा अख्खा दवाखाना उलटा मांडलेला आहे असं ऐकते. ते सगळं त्या बाईच्या भरवशावर सुरू झालं होतं. आणि ती तशी नव्हती. छापखान्यातला वाया गेलेला कागद होता, बस.

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं वाटलं.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दवाखान्याचं. पुढच्या भेटीची तारीख लिहायच्या ओळीवर तू तीन शब्द लिहिलेत: "बाबा चुकायचे नाहीत." सही नाही, पण मागे झुकलेलं अक्षर घरात एकाच माणसाचं होतं.

ते कार्ड घेऊन मी रविवारी आपल्या जुन्या गावी गेले. छापखान्यात प्रूफ काढणारे काका आठवतात? बाबांचे जेवणाच्या सुट्टीतले सोबती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झालेत. एका कानाने ऐकतात, दुसरा कान नको असलेल्या लोकांसाठी ठेवलाय.

"कोण? मोठी का धाकटी?"

"मोठी."

"मग चहा घे. धाकटी असती तर बिस्किट पण दिलं असतं."

मी त्यांना विचारलं, बाबांच्या हातून कधी प्लेटवर फिल्म उलटी लागून चित्र उलटं छापलं गेलं होतं का. ते इतके हसले की सुनेने आतून डोकावून बघितलं.

"तुझा बाप? अगं, फिल्मची कुठली बाजू वर ते तो डोळे मिटून बोटाने सांगायचा. आम्ही त्याला दुसऱ्यांच्या चुका पकडायला बोलवायचो."

"मग ते वात कातरणाऱ्या बाईचं चित्र?"

"ते होय! औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. ते सरळच छापलं गेलं, हजारोंनी. नंतर एक दिवस तुझा बाप जेवलाच नाही. डबा तसाच ठेवला आणि पुन्हा फिल्मा काढून बसला. चारही रंगांच्या, चारही उलट्या. मी म्हटलं, अरे बाबा, बाई डावरी झाली तुझी! तर म्हणतो कसा, व्हायलाच हवी. घरी एक आहे, तिला सोबत नको का?"

"मग?"

"मग काय? मी प्रूफ काढून दिलं. म्हटलं, एवढं केलंस तर दोन-चार प्रती घे. नको म्हणाला. एक पुरे. प्लेटा स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. मालकाला कळलं असतं तर दोघांनाही घरी बसवलं असतं." मग त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू आता का विचारतेस? तुम्हा दोघींत काही वाजलंय का?"

मी म्हटलं, थोडंसं. त्यांनी बिस्किटाचा डबा काढला. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी.

तू बरोबर होतीस. चूक नव्हती. चार रंग, चार प्लेटा आणि एक उपाशी दुपार. तो कागद वाया गेलेला नव्हता. त्याच्याइतका ठरवून केलेला कागद त्या छापखान्यातून दुसरा निघाला नसेल.

येताना घरी गेले आणि चौकट मागून उघडली. पुठ्ठ्याखाली लपलेल्या समासात बाबांची पेन्सिल आहे: "एकच प्रत. धाकटीसाठी." पहिल्यांदाच वाचलं.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे.

ते मी नऊ वर्षांपूर्वी वाचलं होतं. भिंतीवरून काढून नेताना काच तडकली, म्हणून चौकटवाल्याकडे गेले. त्याने पुठ्ठा काढला आणि म्हणाला, "खाली काहीतरी लिहिलंय. दिसू देऊ का?" मी वाचलं आणि म्हणाले, "नको. झाका." तो म्हणाला, "तुमच्याच घरातलं दिसतंय." मी म्हटलं, "झाका म्हटलं ना."

त्याने माझ्याकडे न बघता पट्टी लावली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, स्वतःशीही फारसं बोलले नाही. मी मनाला समजावलं की बाबांनी कुणाला काय द्यायचं याची नोंद केली असेल, म्हातारपणी माणसं करतात. ते अक्षर म्हातारपणातलं नव्हतं. मला ते दिसलं होतं.

चित्र का हवं होतं हेही लिहिते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही. मला वाटायचं, ते गेलं तर माझी चित्रं थांबतील. इतकी वर्षं एकाच माणसाशी बोलत राहिलं की त्याचं तोंड समोर लागतं. आणि तू दात काढतेस, तुला काय त्याचं, असंही वाटलं. वाटलं होतं हे खरं.

आज सकाळी मॅडमकडे गेले. खुर्चीवर न बसताच सांगितलं की आरशाची कल्पना माझी नाही. मी तीस वर्षं चित्र उलटं बघितलं आणि मला ते माहीत नव्हतं. वडिलांनी मुद्दाम उलटी प्रत काढली होती. माझ्यासाठी नाही.

त्यांनी टेबलावरची पुस्तिका उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "अहो, पण पुस्तिका छापून झाली," त्या म्हणाल्या.

"मग आत एक चिठ्ठी घाला."

"काय लिहू त्यात?"

"हेच. आणि त्या वार्ताहरालाही मी फोन करते."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहू लागल्या. मग मान वर केली. त्यांचे डोळे चमकत होते. "ती प्रत! ती प्रत लावू या ना मधोमध. मूळ चित्र, ती प्रत आणि मग तुमची अकरा. यापेक्षा चांगलं काय असेल?"

"ती माझी नाही."

"मग कोणाची?"

"एका दंतवैद्याची."

त्या हसल्या. मी हसले नाही, तेव्हा त्यांना कळलं.

आज दुपारी ती तुझ्या पत्त्यावर पाठवली. चौकट जुनीच आहे. मागची पट्टी पुन्हा लावलेली नाही. उन्हात टांगू नकोस. प्रदर्शनाला देशील का, असं मी विचारणार नाही. मॅडमना मी तुझा पत्ता दिलाय, त्या विचारतील. नाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. माझ्यासाठी हो म्हणू नकोस.

ताई


७ मार्च

धाकटे,

पार्सल पोचल्याची पावती आली. त्यावर तुझी सही आहे. ती मी दोनदा बघितली.

घरची भिंत आता रिकामी आहे, आणि मला वाटलं होतं तसं काही झालेलं नाही. म्हणजे मी काम करतेय. उलट बरंच काम होतंय. मूळ चित्रात अशा गोष्टी आहेत ज्या छपाईत कधीच उतरल्या नव्हत्या. बाईच्या अंगठ्याखाली दुसरा अंगठा आहे, थोडा वर. म्हाताऱ्याने आधी चुकीच्या जागी काढला, मग पुसला, पण पूर्ण नाही. दिव्याच्या काचेवरची काजळी त्याने काळ्या रंगाने काढलेलीच नाही, हिरव्यावर तपकिरी ओढून काढलीय. कात्रीची टोकं तर नाहीतच. दोन ठिपके आहेत, राईएवढे. तीन पावलं मागे गेलं की ते लोखंड होतात.

मी त्याला म्हटलं, अरे, बाई उजव्या हाताची आहे हे आधी सांगायचंस की. तो काही बोलत नाही. या बाबतीत तुम्ही दोघं सारखे.

काल चित्रं टांगायला सुरुवात झाली. माझ्या अकरा बायका तुला माहीत नसतील. प्रत्येकीच्या हातात कात्री आहे. एक केस कातरतेय, एक कागद, एक जखमेची पट्टी, एक नुसतीच कात्रीला धार आहे का बघतेय. मला भीती होती की म्हाताऱ्याच्या बाईशेजारी त्या नकलेसारख्या दिसतील. पण ती डावीकडून उजेड घेते आणि या उजवीकडून. त्यामुळे त्या एकमेकींकडे तोंड करून बसल्यासारख्या दिसतात, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. मॅडम म्हणाल्या, ही मांडणी सुचायला किती विचार केला असेल तुम्ही. मी म्हटलं, काहीच केला नाही. त्यांना आता माझ्या खरेपणाचा कंटाळा येऊ लागलाय.

रखवालदाराचं मत असं की माझ्यातली चौथी बाई म्हाताऱ्यापेक्षा बरी आहे. "पण हे वर लिहू नका कुठे," म्हणाला, "माझी नोकरी त्याच्यामुळे आहे."

मी सुखात आहे, धाकटे. हे लिहिताना थोडी लाज वाटते.

ताई


१७ मार्च

धाकटे,

काल तू इथे होतीस, तरी आज लिहितेय. कारण तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही.

आधी रखवालदाराचं. तू आलीस हे मला त्यानेच येऊन सांगितलं. "बाई, खाली वहीत कुणीतरी डाव्या हाताने सही करतंय आणि तुमच्यासारखंच नाक आहे. बहीण असेल तर सांगा, तिकीट घेत नाही." तू तरीही तिकीट काढलंस. ते मला आवडलं.

मॅडमना तू जे उत्तर दिलंस त्यातून त्या अजून सावरलेल्या नाहीत. "ती प्रत देता येणार नाही, ती मी छताला लावलीय." खुर्चीत आडवं पडून तोंड उघडलेल्या माणसाला नेमकी बाई दिसते, असं तू समजावून सांगितलंस. "पेशंटना सवय झालीय," म्हणालीस. पंधरा दिवसांत! मॅडमनी विचारलं, दोन महिन्यांसाठीसुद्धा नाही? तू म्हणालीस, "नऊ वर्षं दिली होती." आणि माझ्याकडे न बघता पुढे गेलीस. मला ते लागलं, आणि बरंही वाटलं. तू निदान बोललीस.

मग आपण मूळ चित्रासमोर उभ्या राहिलो. तू बाईकडे बघतच नव्हतीस, कात्रीकडे बघत होतीस.

"ही साधी कात्री आहे," तू म्हणालीस. "घरच्या चित्रात बाईबरोबर कात्रीही उलटली. म्हणजे डाव्या हाताची कात्री झाली. तशी कात्री मी आयुष्यात पाहिली नव्हती. बाबांकडे हट्ट धरला, मला हिच्यासारखी आणून द्या. चार दुकानं फिरले. शेवटी सांगावंच लागलं त्यांना."

"काय?"

"की बाई मी उलटवलीय म्हणून."

म्हणजे तुला सातव्या वर्षापासून माहीत होतं. मी विचारलं, माझा तो लेख वाचला होतास?

"दोनदा. दुसऱ्यांदा हसायला."

"मग सांगायचंस ना!"

"तू कधी विचारलंस?"

तिथे आपण दोघी हसलो. रखवालदाराने बोट ओठांवर ठेवलं, नियम म्हणून.

त्यानंतर तू माझ्या चित्रांकडे गेलीस. एकेका चित्रासमोर थांबलीस, दात तपासतेस तशी, थोडं खाली वाकून. अकराव्यापाशी वळलीस.

"यांचं मनगट वाकडं का आहे?"

मी म्हणाले, म्हाताऱ्याकडून आलंय.

"म्हाताऱ्याकडून नाही. त्याच्या बाईचं मनगट सरळ आहे. घरच्या चित्रातही सरळच होतं. साधी कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड जाते. दिसत नाही. मग मनगट आत वळवावं लागतं आणि कोपर वर येतं. असं." तू दालनाच्या मधोमध हवेत कात्री चालवून दाखवलीस. "हे नुसतं उलटं करून मिळत नाही. तुला कोणी शिकवलं? मी तुझ्यासाठी कधी बसले होते?"

मी म्हणाले, आठवत नाही. घंटा झाली. तुझी गाडी होती.

आता उत्तर.

या वाकड्या मनगटांवर बरंच लिहून आलंय. माझ्या स्त्रियांचं अवघडलेपण, असं म्हणतात त्याला. एका जाणकाराने त्यात बाईची समाजातली जागा दाखवली होती आणि मी मान डोलावली होती. खरं म्हणजे मलाही ते कुठून येतं माहीत नव्हतं. सरळ काढायला गेले की खोटं दिसायचं, म्हणून वाकडं करायचे. म्हाताऱ्याशी माझं भांडण चाललंय अशी माझी समजूत होती.

आज सकाळी दार उघडायच्या आधी रखवालदाराने मला आत सोडलं. मी अकराही जणींसमोरून चालत गेले. टेबलाशी मी ज्या खुर्चीत बसायचे तिथून चित्र पाठीमागे यायचं. ते बघायला मान वळवावी लागायची आणि आई ओरडायची, नीट बसून जेव. मान न वळवता समोर बघितलं की तू होतीस. वह्यांना कव्हरं घालायला खाकी कागद कापत असायचीस, जीभ दातांत धरून, कोपर माझ्या ताटापर्यंत आलेलं. मी तुला "कोपर आवर" म्हणायचे. किती वेळा म्हटलं असेन.

तू माझ्यासाठी कधी बसली नव्हतीस. मीच तुझ्यासमोर बसले होते. अकरा वेळा मी म्हाताऱ्याला उत्तर द्यायला गेले आणि अकरा वेळा तुझं कोपर काढून आले. हे मला तू काल विचारेपर्यंत माहीत नव्हतं, आणि हे आता मी कुणाच्याही पुस्तिकेत लिहू देणार नाही.

बारावं चित्र नीट करायचंय, विचारून. येत्या रविवारी मी तुझ्याकडे येते. रंग, कॅनव्हास, तो टेकवायचा घोडा, सगळं मी आणते. कात्री तुझी, तुला हवं ते काप. दोन-अडीच तास लागतील. मधे उठायचं नाही एवढाच नियम. बोललीस तरी चालेल.

ताई